‘हे इथे बघा’ न म्हणता

विज्ञान शाखेतल्या मुलामुलींची सादरीकरणं ऐकताना एक शब्द सारखा कानावर पडतो. ‘हे’. “हे असं इथून वर जातं, मग इथे जरा सपाट होतं, आणि हा जो पॉइंट आहे ना, तो आमचा ऑप्टिमम.” बोलणाऱ्याने श्रोत्यांकडे अर्धी पाठ केलेली असते, हातातल्या लेझरचा लाल ठिपका पडद्यावर थरथरत असतो आणि सगळी भिस्त त्या ठिपक्यावर असते. काम चांगलं झालेलं असतं, वर्षभर लॅबमध्ये राबून आकडे मिळवलेले असतात. पण ‘हे’ म्हणजे काय आणि ‘इथे’ म्हणजे कुठे, ते शब्दांत कधी सांगितलंच जात नाही. मागच्या रांगेतल्याला ठिपका दिसत नाही, आणि ठिपका वगळला तर त्या वाक्यात काही उरत नाही.

ही सवय नुसतं सांगून जात नाही. “समोर बघून बोल”, “आधी अक्ष सांग” असं प्रत्येक शिक्षक सांगतो, मुलं मान डोलावतात आणि पडद्यापाशी उभी राहिली की हात पुन्हा आपोआप वर जातो. हात रिकामा असेपर्यंत तो बोलणारच. म्हणून जिथे बोट दाखवून उपयोगच होत नाही, अशा जागी त्यांना उभं करावं. संगणकावरच्या आभासी जगात विज्ञानाच्या विद्यार्थ्यांकडून सादरीकरणं करून घेण्याचे फायदे बरेच सांगितले जातात: प्रवास वाचतो, हॉल लागत नाही, भीती कमी होते. मला त्यांतला सगळ्यात मोलाचा फायदा हा वाटतो की तिथे ‘हे’ हा शब्द चालत नाही.

अशी जगं काही कालपरवाची नाहीत. पडद्यावर आपल्या वतीने वावरणाऱ्या आकृतीला ‘अवतार’ म्हणण्याची पद्धत लुकासफिल्मच्या ‘हॅबिटॅट’ या १९८६च्या ऑनलाइन जगापासून रुळली. लिंडन लॅबचं ‘सेकंड लाइफ’ २००३ मध्ये सुरू झालं, आणि त्यात जिंकणं-हरणं काही नव्हतं. जमीन होती, हवं ते बांधायची साधनं होती आणि एकमेकांशी बोलायची सोय होती. वैज्ञानिकांनी तिथे लवकरच बस्तान मांडलं. ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकाच्या प्रकाशकांनी ‘सेकंड नेचर’ नावाचं बेट उभं केलं. ड्रेक्सेल विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ ज्याँ-क्लोद ब्रॅडली आणि त्यांचे सहकारी अँड्र्यू लँग यांनी तिथे आत शिरून पाहता येतील असे रेणू बांधले. २००८ मध्ये कॅलटेकचे जॉर्ज जॉर्गोव्स्की, प्रिन्स्टनमधल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडी’चे पीट हट आणि इतर खगोलशास्त्रज्ञांनी ‘मीका’ (मेटा-इन्स्टिट्यूट फॉर कॉम्प्युटेशनल अ‍ॅस्ट्रोफिजिक्स) ही संस्था स्थापन केली. तिची चर्चासत्रं आणि लोकांसाठीची व्याख्यानं त्या जगातच होत. म्हणजे विद्यार्थ्यांना तिथे नेताना आपण त्यांना खेळायला नेत नाही. ज्या जागी खरे संशोधक उभे राहून बोलले, तिथेच नेतो.

अवतार हा शब्द फिरून आपल्याकडे आला, पण मराठीत त्याचा एक घरगुती अर्थ आधीपासून आहे. “काय हा अवतार!” असं आपण विस्कटलेल्या केसांच्या पोराला म्हणतो. पहिल्या दिवशी नेमकं तेच होतं. कुणाचे केस अवताराच्या डोक्याऐवजी जमिनीवर पडतात, कुणी बूट समजून डोक्यावर खोका चढवतो, कुणी समुद्रात पडून तळाशी चालत राहतो. पहिले दीड तास यासाठी राखून ठेवा आणि त्या दिवशी विज्ञानाचा विषयच काढू नका. चालणं, खुर्चीवर बसणं, कॅमेरा फिरवणं, माइक चालू-बंद करणं आणि चॅटमध्ये लिहिणं, एवढ्या पाच गोष्टी प्रत्येकाला न बघता जमल्या पाहिजेत. हा वेळ वाचवायला गेलं की तो सादरीकरणाच्या दिवशी व्याजासकट वसूल होतो: निम्मे श्रोते भिंतीत अडकलेले आणि बोलणारी आपला माइक शोधतेय.

जग कुठलं निवडायचं? पदवीच्या वर्गासाठी सेकंड लाइफ चालतं, खातं फुकट आहे. पण अठरा वर्षांखालच्या विद्यार्थ्यांवर तिथे बंधनं आहेत आणि उघड्या जमिनीवर कुणीही आगंतुक येऊन गोंधळ घालू शकतो. त्यामुळे प्रवेश आपल्या गटापुरताच ठेवावा लागतो. कनिष्ठ महाविद्यालयासाठी, आणि खरं तर बहुतेकांसाठीच, ओपनसिम्युलेटर (थोडक्यात ओपनसिम) बरा. २००७ पासून विकसित होत असलेला हा मुक्त सर्व्हर कॉलेजच्या लॅबमधल्याच एका संगणकावर चालतो, बाहेरचं इंटरनेट गेलं तरी अडत नाही आणि चित्रं चढवायला पैसे पडत नाहीत. विद्यार्थी त्यात फायरस्टॉर्मसारख्या व्ह्यूअरमधून, म्हणजे ते जग पडद्यावर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, शिरतात. आवाजाची सोय मात्र त्यात तयार मिळत नाही, ती वेगळी जोडावी लागते; मम्बल या आवाजी गप्पांच्या सॉफ्टवेअरचा सर्व्हर त्याच संगणकावर चालवणं हा सोपा मार्ग. आणखी एक खबरदारी मनापासून सांगावीशी वाटते. बांधकाम पूर्ण झालं की ‘सेव्ह ओएआर’ ही आज्ञा देऊन अख्खा प्रदेश एका फाइलमध्ये उतरवून ठेवा. ही जगं बंद पडतात. मायक्रोसॉफ्टचं ऑल्टस्पेस मार्च २०२३ मध्ये बंद झालं, मोझिलाने आपली हब्ज सेवा मे २०२४ मध्ये थांबवली. त्यांच्याच भरवशावर ज्यांचे वर्ग होते, त्यांना सगळं पुन्हा दुसरीकडे मांडावं लागलं.

आता स्लाइडकडे. वेळ इथेच द्यायला हवा, कारण इथे जे बिघडतं ते नेमकं मोजता येतं.

या जगात स्लाइड म्हणजे एका फळीवर चिकटवलेलं चित्र. चित्राची प्रत्येक बाजू सहसा १०२४ पिक्सेलपर्यंतच धरायची. पॉवरपॉइंटमधून १९२० बाय १०८०ची स्लाइड चढवली की ती दाबून १०२४ बाय १०२४ केली जाते. फळीचं माप १६ः९ ठेवलं, समजा ४.८ मीटर रुंद आणि २.७ मीटर उंच, तर चित्र पुन्हा ताणलं जाऊन प्रमाणात दिसतं. पण आडव्या दिशेचा जवळजवळ निम्मा बारकावा तेवढ्यात गेलेला असतो. त्यात श्रोत्याचा लॅपटॉप १३६६ पिक्सेल रुंदीचा, आणि फळीने त्याचा निम्मा पडदा व्यापलेला. म्हणजे त्याच्या डोळ्यांपुढे स्लाइड ६८३ पिक्सेल रुंद आणि ३८४ उंच. पॉवरपॉइंटची स्लाइड साडेसात इंच, म्हणजे ५४० पॉइंट उंच असते. त्यावरचं २४ पॉइंटचं अक्षर श्रोत्याला मिळतं ते सतरा पिक्सेलांत, १८ पॉइंटचं तेरा पिक्सेलांत.

रोमन अक्षर तेरा पिक्सेलांत कसंबसं वाचता येतं. देवनागरी नाही. आपल्या अक्षराला वर शिरोरेषा, तिच्यावर मात्रा किंवा रफार, खाली उकार, आणि ‘द्ध’, ‘ष्ट’, ‘क्ष’ यांच्या पोटात गुंतवळ. तेवढ्या जागेत ‘शुद्ध’ आणि ‘शुष्क’ सारखेच दिसतात. म्हणून मराठी मजकूर ३२ पॉइंटच्या खाली जाऊ द्यायचा नाही, आणि एका स्लाइडवर पाच ओळींच्या वर लिहायचं नाही. आलेखातल्या एक पॉइंट जाडीच्या रेषा चित्र चढवताना होणाऱ्या कॉम्प्रेशनमध्ये विरून जातात. त्या तीन पॉइंटच्या करा. चित्र पीएनजीमध्ये साठवा, पण पारदर्शक पार्श्वभूमी काढून. चित्रात पारदर्शकतेचा थर राहिला की मागच्या झाडाची पानं अचानक आलेखाच्या पुढे येऊन बसतात, आणि बोलणारीला ते दिसतही नाही, कारण तिच्या कोनातून झाड वेगळीकडे असतं.

पोस्टरचं गणित तर आणखी कडक आहे. छापायच्या ए-झीरो पोस्टरचं माप ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. ते एकाच चित्रात चढवलं तर उभ्या दिशेत एका पिक्सेलच्या वाट्याला सव्वा मिलिमीटरच्या आसपास कागद येतो. २४ पॉइंटचं अक्षर साडेआठ मिलिमीटर असतं, म्हणजे सात पिक्सेल. ते वाचता येत नाही, कितीही जवळ जा. अख्खा प्रोजेक्ट रिपोर्ट कापून पोस्टरवर डकवायची जी सवय कॉलेजच्या प्रदर्शनांत दिसते, ती इथे पहिल्याच प्रयत्नात हरते. पोस्टर चार-पाच फळ्यांत तोडावं लागतं: प्रश्न काय, केलं कसं, मुख्य आलेख, त्यावरून काय म्हणता येतं. कोणतं वाक्य कोणत्या फळीवर जाईल हे ठरवताना विद्यार्थ्याला पहिल्यांदा कळतं की आपली अर्धी वाक्यं कुठल्याच फळीवर जात नाहीत. त्यांची गरजच नव्हती. ‘आविष्कार’सारख्या संशोधन संमेलनाची तयारी करणाऱ्यांनी, त्यांचं पोस्टर शेवटी कागदावरच छापलं जाणार असलं तरी, आधी हा चार फळ्यांचा व्यायाम करावा.

फळीवर स्लाइड बदलली की ती लगेच स्पष्ट दिसत नाही. आधी राखाडी, मग धूसर, मग हळूहळू रेषा उमटतात. प्रत्येकाच्या संगणकावर चित्र वेगवेगळ्या वेळी उतरतं. बोलणारीने ती आधीच पाहिलेली असते, तिच्याकडे चित्र तयार असतं. ती बोलायला लागते आणि समोरचे धुकं बघत असतात. यावर उपाय जुना आणि साधा आहे: मोठ्या फळीच्या कडेला तळहाताएवढी छोटी फळी ठेवायची आणि तिच्यावर पुढची स्लाइड आधीच लावायची. ती सगळ्यांच्या नजरेच्या टप्प्यात असल्याने चित्र गुपचूप उतरून तयार राहतं. त्याशिवाय, स्लाइड बदलल्यावर तीन सेकंद गप्प बसायचं. घड्याळ लावून. नवख्याला ते तीन सेकंद युगासारखे वाटतात, पण हॉलमध्येही श्रोत्याला नवा आलेख डोळ्यांत भरून घ्यायला तेवढा वेळ लागतोच. इथे यंत्राच्या अडचणीमुळे तो सक्तीने द्यावा लागतो आणि पुढे तो अंगवळणी पडतो.

सूर्याचंही सांगून ठेवतो. सेकंड लाइफमधला दिवस चार तासांचा असतो आणि त्यात तासभर रात्र. वेळ न बांधता सभा भरवली तर निष्कर्षाच्या स्लाइडला अंधार पडतो. प्रदेशाची वेळ दुपारवर गोठवून ठेवायची आणि फळीला ‘फुल ब्राइट’ करायचं, म्हणजे तिच्यावर सावली पडत नाही.

आवाजाची मापं आधी समजून मगच मांडणी करावी. एक प्रदेश २५६ बाय २५६ मीटरचा. चॅटमध्ये लिहिलेलं बोलणं २० मीटरपर्यंत पोचतं, कुजबूज १० मीटर, ओरडणं १०० मीटर. माइकवरचा आवाज मात्र साधारण ६० मीटरपर्यंत ऐकू येतो. नेहमीच्या प्रदर्शनासारखी पोस्टरं दहा-दहा मीटरवर लावली की सहा जण एकाच वेळी कानात बोलतात. लेखी प्रदर्शन असेल तर २५ मीटर अंतर पुरतं, एका रांगेत दहा पोस्टरं बसतात. बोलायचं असेल तर जमिनीचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचा आवाज त्याच्यापुरता बांधायचा. तशी खूण जमिनीच्या सेटिंगमध्ये असते. ओपनसिममध्ये मम्बल वापरत असाल तर प्रत्येक पोस्टरला एक खोली. आणि सगळे विद्यार्थी एकाच लॅबमध्ये बसले असतील तर बोलणाऱ्याला शेजारच्या खोलीत पाठवाच. नाही तर त्याचा आवाज आधी हवेतून येतो आणि क्षणभराने हेडफोनमधून पुन्हा. दोन्ही एकमेकांवर आदळून एकही शब्द लागत नाही, आणि दोन उघडे माइक जवळ आले की शिट्टी सुरू होते. हेडफोन हवेतच, लॅपटॉपच्या स्पीकरवर हा वर्ग चालत नाही.

ही सगळी तयारी कशासाठी, ते रेणू बांधायला घेतल्यावर कळतं.

कॅफीन घ्या. चहा-कॉफीमुळे सगळ्यांच्या ओळखीचं, आणि बांधायला सोपं: आठ कार्बन, दहा हायड्रोजन, चार नायट्रोजन, दोन ऑक्सिजन. चोवीस गोळे आणि त्यांना जोडणारे पंचवीस दांडे, मिळून एकोणपन्नास तुकडे. रंग नेहमीचे: कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, नायट्रोजन निळा, ऑक्सिजन लाल. मोजमाप एका अँगस्ट्रॉमला (अणूंमधली अंतरं मोजायचं एकक) एक मीटर ठेवलं तर कार्बन-कार्बन बंध जमिनीपासून माणसाच्या छातीपर्यंत पोचेल इतका लांब होतो आणि अख्खा रेणू वर्गखोलीएवढा. विद्यार्थिनीचा अवतार त्या षट्कोनी कड्याच्या मधोमध उभा राहतो, भोवती दहा-बारा श्रोते. आणि ती म्हणते, “हा नायट्रोजन बघा, डावीकडचा.”

कुणाच्या डावीकडचा? प्रत्येक श्रोत्याचा कॅमेरा वेगळ्या जागी आहे. एक जण वरून बघतोय, दुसरी कड्याच्या पलीकडून, तिसऱ्याने ऑक्सिजनच्या लाल गोळ्याला नाक टेकवलंय. अवताराने हात उचलला तरी तो नेमका कुठल्या गोळ्याकडे आहे ते कळत नाही. चॅटमध्ये प्रश्न येतात: कुठला, कुठला, डावा म्हणजे? ती एक क्षण थांबते. मग हळूहळू म्हणते, “या रेणूत चार नायट्रोजन आहेत. तिघांना मिथाइल गट जोडलाय, चौथ्याला नाही. तो चौथा, मोकळा नायट्रोजन.” आणि सगळे कॅमेरे, वेगवेगळ्या दिशांनी, एकाच निळ्या गोळ्यावर येऊन थांबतात.

हे वाक्य रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही आधीच्या वाक्यापेक्षा खरं आहे. ‘डावीकडचा’ हा त्या नायट्रोजनचा गुण नव्हताच. कागद उलटा धरला की तो उजवीकडचा होतो. ‘मिथाइल नसलेला’ हा मात्र त्याचा स्वतःचा गुण आहे. बोट काढून घेतलं की वस्तू तिच्या गुणांनी ओळखावी लागते, आणि गुणांनी ओळखणं म्हणजेच तर विज्ञान शिकणं. ब्रॅडली आणि लँग यांच्यासारख्यांनी रेणू एवढे मोठे बांधले ते नीट दिसावेत म्हणून. पण शिकवताना त्यांचा उपयोग नीट बोलता यावं यासाठीही होतो, आणि मला तो तितकाच महत्त्वाचा वाटतो.

आलेखाचंही असंच. समजा एखाद्या एन्झाइमच्या प्रयोगाचा आलेख आहे. “ही लाइन इथून अशी वर जाते आणि इथे फ्लॅट होते” याच्या जागी काय हवं? आधी आडवा अक्ष, एककासकट. मग उभा अक्ष, एककासकट. मग रेषेचा आकार शब्दांत: सुरुवातीला सरळ चढते, पुढे चढ कमी होत जातो, शेवटी जवळजवळ आडवी. मग वळण कुठे आहे ते आकड्यात. आणि शेवटी त्याचा अर्थ: एन्झाइमच्या सगळ्या जागा भरल्या, आता कच्चा माल कितीही वाढवला तरी वेग वाढायचा नाही. ही पाच वाक्यं पंचेचाळीस सेकंदांत होतात. दहा मिनिटांच्या बोलण्यात असे दोन आलेख नीट सांगता येतात, तीन ओढूनताणून. म्हणून आठ स्लाइडच्या वर जायचं नाही.

पहिली फेरी मराठीत करून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. परीक्षकांपुढे इंग्रजीत बोलायचं असलं तरी. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचं इंग्रजीत अडखळणं कधी भाषेमुळे असतं आणि कधी कल्पनाच धूसर असल्यामुळे. दोन्ही एकत्र ऐकू आलं तर शिक्षकाला फरक कळत नाही, मुलाला तर नाहीच. मराठीत तो आलेख पाच वाक्यांत सांगता आला, तर इंग्रजीचं काम फक्त शब्दांचं उरतं.

समोरच्यांचे चेहरे मात्र या जगात दिसत नाहीत, आणि ही खरी अडचण आहे. मान डोलत नाही, कपाळावर आठी पडत नाही. नवखा बोलणारा ही शांतता कंटाळा समजतो आणि भरभर सुटतो. यावर दोन उपाय. पहिला, श्रोत्यांनी दर स्लाइडला कळलं तर चॅटमध्ये अधिकची खूण टाकायची, नाही कळलं तर प्रश्नचिन्ह. दुसरा, एका विद्यार्थ्याला फक्त चॅट वाचायला बसवायचं; तो योग्य जागी बोलणाऱ्याला थांबवून प्रश्न मोठ्याने वाचतो. बोलता बोलता चॅट वाचणं कुणालाच जमत नाही, ते बोलणाऱ्यावर लादू नका. एक सोय मात्र जगातच आहे: कुणी टाइप करायला लागलं की त्याचा अवतार हवेत बोटं नाचवतो आणि कळफलकाची खडखड ऐकू येते. ही खडखड म्हणजे वर झालेला हात असं समजून तिथे थांबायला शिकवलं, तर प्रश्न येण्याआधीच बोलणाऱ्याला त्याची चाहूल लागते.

मराठीत प्रश्न लिहिणाऱ्यांसाठी एक बारकी गोष्ट. एका संदेशाची मर्यादा १०२३ बाइटची आहे. रोमन अक्षर एका बाइटचं, देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. ‘विद्यार्थ्यांना’ या एका शब्दात पंधरा चिन्हं, म्हणजे पंचेचाळीस बाइट. त्यामुळे मराठी संदेश तीनशे चाळीसच्या आसपास चिन्हांनंतर तुटतो. लांब प्रश्न दोन तुकड्यांत लिहा. सगळ्या व्ह्यूअरमध्ये जोडाक्षरं नीट जुळतातच असं नाही, ते आदल्या दिवशी तपासून घ्या. स्लाइडला ही भीती नाही, ती चित्रच असते.

आता भीतीबद्दल. “बाहुल्यांपुढे बोलायला कोण घाबरणार?” असं पालकही विचारतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले पेर्टॉब, स्लेटर आणि बार्कर यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याचं उत्तर देतो. त्यांनी लोकांना तीन प्रकारच्या आभासी श्रोत्यांपुढे बोलायला लावलं: तटस्थ, कौतुक करणारे आणि तुच्छतेने वागणारे. समोर माणसं नाहीत हे बोलणाऱ्यांना ठाऊक होतं. तरी तुच्छतेने वागणाऱ्या श्रोत्यांपुढे, एरवी धीटपणे बोलणाऱ्यांचीही घालमेल झाली. म्हणजे भीती इथेही खरीच असते, आणि म्हणून इथे केलेला सरावही खरा असतो. मात्र पहिल्या फेरीत कठोर श्रोते बसवू नयेत. आधी आपलाच पाच-सहा जणांचा गट, मग दुसऱ्या वर्गातली मुलं, मग बाहेरचे शिक्षक, आणि प्रश्न विचारून भंडावणारे सगळ्यात शेवटी. एकेक पायरी दोनदा.

पोस्टरच्या वेळी आणखी एक प्रसंग येतो, आणि तो येऊ द्यावा. ऐकता ऐकता एखादा अवतार सरळ चालू लागतो. झूम किंवा मीटवर असं घडलं तरी बोलणाऱ्याला दिसत नाही. इथे पाठमोरी आकृती पुढच्या पोस्टरकडे जाताना स्पष्ट दिसते. लागतं ते मनाला. त्या मुलाला जवळ घेऊन विचारावं, तो गेला तेव्हा तू काय सांगत होतास? बहुतेक वेळा उत्तर ‘पद्धत’ असतं: किती मिलिलिटर घेतलं, किती वेळ ढवळलं. पोस्टरपुढे उभ्या माणसाला पहिल्या तीस सेकंदांत प्रश्न आणि उत्तर हवं असतं. ढवळण्याबद्दल तो नंतर स्वतःहून विचारतो.

आणि मागची रांग. या जगात अवतार व्यासपीठावर उभा असताना कॅमेरा मोकळा असतो: ऑल्ट दाबून माउस फिरवला की शेवटच्या खुर्चीवरून आपल्यालाच बघता येतं. सरावाआधी प्रत्येकाने एकदा तिथून आपली प्रत्येक स्लाइड बघावी. शिवाय एक जास्तीचं खातं शेवटच्या खुर्चीवर बसवून ओबीएस या पडदा मुद्रित करणाऱ्या सॉफ्टवेअरने सगळं बोलणं ध्वनिचित्रमुद्रित करावं. ते दोनदा बघायचं. एकदा आवाज बंद करून, नुसत्या स्लाइड कळतात का ते. आणि एकदा पडदा झाकून, नुसतं ऐकत. दुसऱ्या वेळी हातात कागद घेऊन प्रत्येक ‘हे’, ‘इथे’, ‘असं’ला एक काडी मारायची. काड्यांची बेरीज तारखेसकट वहीत. चॅटची नोंदही जपून ठेवावी. एकच प्रश्न तिघांनी विचारला असेल तर तो प्रश्न श्रोत्यांचा नाही, बोलण्यात तेवढी जागा रिकामी राहिली आहे.

जे इथे शिकता येत नाही ते सरळ मान्य करावं. डोळ्यांत बघणं, हातांचं काय करायचं, पोस्टर न झाकता कुठे उभं राहायचं, घसा कोरडा पडला तर काय, हे खऱ्या खोलीतच येतं. म्हणून आभासी फेरीनंतर आठवड्याच्या आत खऱ्या वर्गात तेच सादरीकरण व्हायला हवं. लेझर पॉइंटर टेबलाच्या खणात. एक श्रोता पडद्याकडे पाठ करून बसतो, हातात आलेखाचा कागद आणि पेन्सिल. बोलणारी आलेख सांगते, तो ऐकून काढतो. झाल्यावर कागद पडद्याशेजारी धरून दोघं बघतात, रेषा वळली ती योग्य आकड्यापाशी वळली का.